सेवा हवी, बिगार नको

(चांदूर बाजार येथे विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे, फक्त स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले.)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणीत साच्यावर उभे राहून आयुष्य गेले. शाळा अर्ध्यात सुटली, राहिलेले शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या सभांत झाले. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

समितीने विषय दिला आहे 'धम्म आणि समाजसेवा'. विषय मोठा आहे. आम्ही तो एका म्हातारीपासून सुरू करतो.

आपल्याच वस्तीतली म्हातारी. नाव सांगत नाही, सारेजण तिला मोठी आई म्हणत होते. नवरा गेला, मुलगा पुण्याला कंपनीत. तो वाईट नव्हता, महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवीत होता. पण पैशाला हात नसतात ना! एका पावसाळ्यात मोठी आई न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. इर्विनला नेले, परत आणले, खाटेवर टाकले. शेजारच्या बाईने दोन-तीन महिने तिचे सारे केले. हागणे-मुतणे, अंग पुसणे, कूस बदलणे, भाकर चारणे. निंदणाच्या हंगामात तिने आपला रोज बुडवला. एक दिवस ती आम्हाला म्हणाली, "भाऊ, मी तिचं कराले मागंपुढं पायत नाई. पण माहा रोज बुडते, अन् घरी लेकरं हायेत. किती दिवस करू?"

आम्ही काय उत्तर दिले? "बाई, तू पुण्याचे काम करतेस." एवढे बोलून आम्ही मीटिंगला निघून गेलो. कार्यकर्ते ना आम्ही!

पुढे ती बाई कामावर जाऊ लागली आणि मोठी आई दिवसभर एकटी पडू लागली. आम्ही कधी डोकावलो तर म्हणायची, "बापू, मले पानी कमीच देत जा. पानी पेलं का उठा लागते." तहान मारून ती माउली पडून राहत होती. पाठीला जखमा झाल्या, त्यातच गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला सारी वस्ती जमली, आम्हीही भाषण केले. बंधूंनो, ते भाषण आम्हाला आजही टोचते. साठ घरांची वस्ती, आणि एका माणसाला तांब्याभर पाणी निर्धास्त पिता आले नाही.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह फिरत तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी सेवा करणारे कोणी नाही काय? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही कामी येत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही. तेव्हा आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून नीट निजविले.

हा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. भगवंतांनी लगेच संघाची बैठक घेतली आणि नियम घालून दिला. आजारी भिक्खूची सेवा गुरूने करावी, शिष्याने करावी, सोबत्याने करावी. आणि ज्याला कोणीच नाही त्याची सेवा संघाने करावी. संघाने ती केली नाही तर तो संघाचा दोष धरला. त्याच ठिकाणी आणखी एक नियम आहे. आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे चीवर आणि भिक्षापात्र, ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना संघाने द्यावे. भिक्खूजवळ दुसरी इस्टेट असते तरी कोणती? जे होते ते सेवा करणाऱ्याला.

आम्हाला यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, सेवा कोणाच्या दयेवर सोडलेली नाही, ती संस्थेची जबाबदारी केली आहे. दुसरी, सेवा करणाऱ्याचाही हक्क मानला आहे. आम्ही त्या शेजारच्या बाईला पुण्य सांगितले, हक्क सांगितला नाही. तिथे आमचे चुकले.

आता कोणी म्हणेल, यासाठी सरकार आहे, दानशूर आहेत, आश्रम आहेत. आहेत ना! आपल्या अमरावती जिल्ह्याला ही परंपरा मोठी आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवनात कुष्ठरोग्यांसाठी संस्था काढली आणि समाजाने टाकलेल्या माणसांच्या हाताला काम दिले. इकडे परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध लेकरे वाढविली, त्यांना बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण शंकरबाबाच वर्षानुवर्षे सांगत आले, की अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून मतिमंद लेकराला संस्थेबाहेर काढले तर ते जाईल कुठे? त्यासाठी कायदा करा. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही शेवटी व्यवस्थाच मागावी लागली. एक माणूस किती लेकरांचा बाप होईल? आणि प्रत्येक वस्तीला शंकरबाबा कुठून आणायचा?

सरकारचे म्हणाल तर १९७५ साली अंगणवाडी आली, २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. या आपल्याच बहिणी आहेत. लेकरांना खाऊ घालतात, बाळंतिणीला दवाखान्यात नेतात. पण त्यांना नोकरदार म्हणत नाहीत. पगार नाही, मानधन! मानाचे धन म्हणे! त्यासाठी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागते. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा कुठे थोडी दारे उघडली. बाईने सेवा केली की ती माया असते, तिचा हिशोब होत नाही. घरात नाही, वस्तीत नाही, सरकारातही नाही.

तिसरा रस्ता बाजाराचा. आपल्या वस्तीतली एक भगिनी शहरात आजाऱ्याजवळ बसण्याच्या कामाला जात होती. बारा-बारा तासांची पाळी. मधल्या माणसाने तिच्या मजुरीतला मोठा वाटा कापून घेतला. आजाऱ्याच्या घरच्यांनी किती दिले आणि हिच्या हातात किती आले, याचा मेळ तिला कधी कळला नाही. एक दिवस ती स्वतः तापाने पडली, तर काम गेले. म्हणजे देणाऱ्याला महाग, करणारीला कमी, मधला खूश.

मग करायचे काय? बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर गिरणी कामगारांनी फार पूर्वी शोधले आहे. १८४४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गिरण्यांच्या गावात २८ जणांनी एकेक पौंड जमवून दुकान काढले. त्यात बरेच विणकर होते, म्हणजे आमच्याच धंद्यातले. भेसळीचे पीठ आणि सावकाराची उधारी यांना ते कंटाळले होते. त्यांनी नियम केला, की भाग किती का असेना, माणसाला मत एकच. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बजावले होते, की राजकारणात एक माणूस एक मत आले तरी समाजात आणि अर्थकारणात एक माणूस एक मूल्य येणार नाही, तोवर लोकशाही धोक्यात आहे. आमच्या मते खरी सहकारी संस्था ही त्या एक मूल्याची पहिली पायरी आहे.

तुम्ही म्हणाल, दुकानाचे ठीक आहे, पण सेवेची सहकारी संस्था कुठे असते? असते. मुंबईत दादरला 'शुश्रूषा' नावाचे नागरिकांचे सहकारी रुग्णालय आहे. डॉ. वसंत रणदिवे यांच्या पुढाकाराने साठच्या दशकात नागरिक आणि डॉक्टर भागधारक होऊन ते उभे राहिले. इटली देशात १९९१ साली खास सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा झाला. म्हातारे, अपंग, लेकरे यांची सेवा करणाऱ्या संस्था एका प्रकारात. दुसऱ्या प्रकारात अशा संस्था, की जिथल्या कामगारांत निदान शंभरातले तीस अपंग किंवा समाजाने बाजूला सारलेले असले पाहिजेत.

अहमदाबादचे उदाहरण तर आपल्या काळजाजवळचे आहे. तिथल्या गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघटनेत इलाबेन भट वकील होत्या. त्यांनी १९७२ साली भाजीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायांची 'सेवा' ही युनियन काढली. १९८१ साली गुजरातेत राखीव जागांविरुद्ध दंगली पेटल्या तेव्हा इलाबेन उघडपणे दलितांच्या बाजूने बोलल्या, आणि त्यापायी सेवाला मजूर महाजनातून बाहेर पडावे लागले. त्या भगिनी मोडल्या नाहीत. १९९० साली त्यांच्या सुइणी आणि आरोग्यसेविकांनी 'लोकस्वास्थ्य' नावाची स्वतःची सहकारी मंडळी नोंदविली, स्वस्त औषधांची दुकाने चालविली. लेकरे सांभाळण्यासाठी 'संगिनी' नावाची वेगळी मंडळी केली. म्हणजे सुईण ही नोकर नाही, आश्रितही नाही. ती संस्थेची भागीदार आहे, सभेत हात वर करून मत देणारी.

आपल्या विदर्भातलेही सांगतो. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या डॉ. उल्हास जाजूंनी १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर आरोग्य विमा चालविला. पीक निघाले की घराघरातून ज्वारी गोळा करायची. जास्त शेती असणाऱ्याने जास्त द्यायची, मजुराने कमी. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गाव घ्यायचे. त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि औषधाचा खर्च भागायचा, अचानक आजारपण आले तर दवाखान्यात आधार मिळायचा. पैसा नाही म्हणून रडत बसले नाहीत, जे घरात होते ते गोळा केले. आणि जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या न शिकलेल्या बायांना आरोग्यसेविका केले, त्यात दलित भगिनी बऱ्याच होत्या. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हाताने सवर्णांच्या घरची बाळंतपणे झाली. हे शिकता येते, बंधूंनो. शिकवणारा पाहिजे आणि शिकणारणीवर विश्वास पाहिजे.

आता सर्वात अवघड गोष्टीकडे येतो. हा विचार आम्ही वस्तीत बोलून दाखविला तेव्हा आमचे एक जुने सहकारी संतापून म्हणाले, "काऊन हो भाऊ, बाबासायबानं आपल्याले मेलेलं ढोर ओढाचं बंद कराले सांगतलं, अन् तुम्ही आपल्या पोरीले दुसऱ्याचं हागलं-मुतलं काढाले लावता?"

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. रात्रभर झोप आली नाही. कारण त्यांचे खरे आहे. आपल्या आज्या-पणज्या गावात बाळंतपणे करीत होत्या. नाळ त्यांनी कापायची, पहिली घाण त्यांनी उचलायची, आणि बाळ न्हाऊन स्वच्छ झाले की त्यांचाच विटाळ! वर दाणे पदरात टाकायचे ते दुरून. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ही लाचारी टाकायला सांगितले. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली, पण मनातून वतन जायला वेळ लागतो.

मग आम्ही विचार केला की बाबासाहेबांचा राग कोणावर होता? पाणी ओतून आजाऱ्याला धुणाऱ्या बुद्धाच्या चरणी ज्यांनी आपल्याला नेले, त्यांना आजाऱ्याला धुणे हे काम हलके कसे वाटेल? त्यांचा राग बिगारीवर होता. जन्माने ठरलेले काम, नाही म्हणायची सोय नाही, मजुरी ठरलेली नाही, आणि काम करणाराच अपवित्र, यावर होता. त्याच १९२८ सालात, २८ जुलैला, बाबासाहेब त्याच कायदे मंडळात गिरणीतल्या बाळंतिणीला पगारी रजा मिळावी म्हणून बोलले. पुढे व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा आणली. आईने लेकराला जन्म देणे, सांभाळणे हे तिचे एकटीचे खासगी दुखणे नाही, त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, हा त्यांचा विचार होता. आमचा रस्ता तोच आहे.

तेव्हा त्या सहकाऱ्यांना आमचे उत्तर असे, की आपल्या मुलींनीच हे काम करावे असे आम्ही म्हणतच नाही. मुलींनी डॉक्टर व्हावे, तहसीलदार व्हावे. पण आज जी बाई हे काम करतेच आहे, फुकट किंवा दलालाच्या हाताखाली, तिला आपण मालकीण करू. आणि पुरुषांनीही शिकावे. म्हाताऱ्या बापाची कूस बदलायला मुलाचे हात चालतात की नाही? आम्ही वयाच्या पन्नाशीनंतर आमच्या घरच्या आजारी असताना भाकर थापायला शिकलो. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, पण शिकलो.

आता हिशोब मांडतो, कारण हिशोबाशिवाय भाषण म्हणजे फुगा. आपली साठ घरे. घरामागे महिना शंभर रुपये धरले तर ६,००० रुपये होतात. त्यातले १,००० गंगाजळीत बाजूला टाका, राहिले ५,०००. निंदणाला बाईचा आठ तासांचा रोज तीनशे धरला, तर तासाला साडेसदतीस रुपये पडतात. म्हणजे पाच हजारांत महिन्याला १३३ तास सेवा मिळते. रोजचे चार तास. चार अंथरुणाला खिळलेल्या माणसांना दररोज सकाळी एकेक तास शिकलेले हात! अंग पुसून, कूस बदलून, जखम पाहून, पाणी पाजून जाणारे हात. यात दवाखाना होणार नाही, रात्रीची सोबत होणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो. ज्याला जास्त तास पाहिजेत त्याने त्याच दराने संस्थेत पैसे भरावे. ज्याला शंभर झेपत नाहीत त्याने वीस द्यावे, नाही तर आठवड्यातून दोन तास हात द्यावे. नोकरदारांनी शंभरावर थांबू नये. सेवाग्रामच्या ज्वारीचा नियम हाच होता.

कोणी म्हणेल, महावग्गातच सेवा लाभासाठी करू नये असे सांगितले आहे. बरोबर आहे. पण भिक्खूच्या भाकरीची चिंता उपासक वाहत होते. आपल्या भगिनीच्या चुलीची चिंता कोण वाहणार? मैत्री मनात असू द्या आणि मजुरी हातात द्या. दोन्ही एकत्र राहू शकतात.

कायद्याचे म्हणाल तर महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला निदान दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसे लागतात. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या १९ व्या कलमात सहकारी संस्था हा शब्द आला. म्हणजे सहकारी संस्था काढणे हा आपला मूलभूत हक्क झाला आहे. आधी वर्षभर बचत गटासारखे चालवून पाहू, हात बसला की नोंदणी करू.

धोके आम्हाला माहीत आहेत. सहकाराचा स्वाहाकार झालेला आपण डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून चार अटी आम्ही आधीच मांडतो. संस्थेचे खाते विहाराच्या खात्यापासून वेगळे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचायचा, आणि ऐकायला सर्वांनी थांबायचे. कार्यकारिणीत निम्म्या जागा सेवा करणाऱ्या बायांच्या, सहीचा अधिकारही त्यांना. आणि सेवेला जात विचारायची नाही. मागच्या गल्लीतला म्हातारा कोणत्याही समाजाचा असो, त्याच्या खाटेपर्यंत आपण गेले पाहिजे. संस्था झाली म्हणून सरकारला सूट नाही. ग्रामीण रुग्णालयात औषध मागणे, निराधाराच्या पेन्शनचे फॉर्म भरणे, आशांच्या मोर्चात जाणे, हे चालूच राहील.

बांधव हो, विहाराला रंग दिला, मूर्तीवर छत्र आले, लाऊडस्पीकर नवा झाला. आनंद आहे. पण विहार म्हणजे भिंती नव्हेत. वस्तीतल्या माणसाला एक तांब्या पाणी भीतीशिवाय पिता आले, तर या विहाराचा खरा वर्धापन दिन होईल.



(ता. क. भाषणानंतर सात घरांनी नावे दिली. पहिले नाव मोठ्या आईच्या शेजारच्या त्या भगिनीचे आहे. दहा लागतात. विहारात वही ठेवली आहे.)